बिडाच्या ब्लॉकची बुलेट घरी उघडताना: किती उघडायचं, कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९८६ ची बुलेट ३५० गेली ११ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. किक खाली जात नाही. गावातल्या मेकॅनिकने एक पानाही न लावता सांगितलं, ‘इंजिन जाम आहे, फुल इंजिन करावं लागेल.’ तुमच्याकडे थोडेफार पाने आहेत, शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि हे काम स्वतःच्या हाताने करायची इच्छा आहे. तर घरी जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल. मी कोल्हापुरात मशीन शॉपमध्ये काम करतो आणि गेली वीसेक वर्षं सुटीच्या दिवशी जुन्या बुलेट उघडतो. त्या अनुभवावरून सांगतो, हे इंजिन घरी काम करणाऱ्यासाठी फार भलं आहे. एकच सिलिंडर, ७० मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), वर हेड, खाली पिस्टन ज्यात सरकतो तो बिडाचा ब्लॉक, सगळं हाताला लागण्यासारखं. खोलायला दोन तास पुरतात. खरी अडचण खोलल्यावर येते. समोर पडलेल्या भागांपैकी काय झिजलंय, किती झिजलंय आणि ते चालेल की नाही, हे ठरवता आलं पाहिजे. ते मोजून ठरवता येत नसेल तर माणूस एकतर सगळंच नवीन घालतो, नाहीतर खराब भाग तसाच बसवून महिनाभराने पुन्हा इंजिन उतरवतो. म्हणून माझं उत्तर बरंचसं मोजमापाबद्दल आहे.

आधी शब्द स्पष्ट करतो, कारण मेकॅनिकशी बोलताना याच शब्दांवर पैसे ठरतात. हाफ इंजिन म्हणजे हेड आणि ब्लॉक काढून व्हॉल्व, बोअर, पिस्टन, रिंगा यांचं काम. इंजिन चेसीवरच राहतं. फुल इंजिन म्हणजे इंजिन उतरवून चेंबर (इंजिनाची खालची पेटी) फोडायचं म्हणजे उघडायचं, क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा दांडा) बाहेर काढायचा, कनेक्टिंग रॉडचा बुश आणि बेअरिंगं बघायची. हाफ इंजिन तुम्ही घरी करू शकता, फक्त बोरिंग, म्हणजे ब्लॉकचं भोक यंत्रावर मोठं करणं, बाहेर. फुल इंजिनमध्ये क्रँकचं काम घरी करू नका असं मी स्पष्ट सांगेन. फ्लायव्हील (क्रँकच्या दोन जड चकत्या) सोडवून नवी पिन बसवणं आणि मग दोन्ही फ्लायव्हील सेंटरवर धरून, डायल लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सरळ करणं, हे प्रेस आणि सेंटर असलेल्या जुन्या लेथवाल्याचंच काम आहे.

तुमच्या गाडीला यातलं काय लागेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. गाडी उभी करताना चालू होती का, पावसाचं पाणी कुठून आत गेलं का, शेवटचं बोअर कधी झालं, यावर सगळं अवलंबून आहे. घरात कुणाला आठवत असेल तर विचारून घ्या. चालती गाडी उभी केली असेल तर माझी आशा बरीच वाढते.

हत्यार लावण्याआधी एक काम करा. चेंबरवरचा इंजिन नंबर आणि चेसी नंबर चिंधीने पुसून आरसीशी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. त्या जागेवर पॉलिश पेपर, वायर ब्रश, सँडब्लास्टिंग, जाड रंग यांतलं काहीही जाता कामा नये. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण ५-५ वर्षांसाठी होतं आणि तपासणीत नंबर वाचता आला नाही, तर उत्तम चालणारी गाडीही घरातच राहते.

आता किक. ती खाली जात नाही याचा अर्थ पिस्टन अडकला असाच होत नाही. बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचला, क्लचमधून प्रायमरी चेनला आणि तिथून क्रँकला फिरवते. या साखळीत कुठेही अडकू शकतं. प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लच पूर्ण दाबून धरा आणि हाताने किक खाली दाबून बघा. गेली, तर गिअरबॉक्स मोकळा आहे आणि अडचण इंजिनात आहे. नाही गेली, तर क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील किंवा किकची यंत्रणाच गंजली असेल. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकेच डोलवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला दुसऱ्या कुणालातरी बसवा. चाकाबरोबर अंगठ्याला हवा लागली तर इंजिन मोकळं आहे, दोष किकमध्ये आहे, आणि तुमचं फुल इंजिन तिथेच वाचलं.

चाकही हललं नाही, तर पिस्टन अडकलाय असं धरून चालू. उभ्या गाडीत हे कसं होतं ते सांगतो. गाडी थांबते तेव्हा बऱ्याचदा एखादा व्हॉल्व थोडा उघडा राहतो. तिथून वर्षानुवर्षं पावसाळी दमट हवा आत जाते, बिडाच्या भिंतीला गंज धरतो आणि रिंगा नेमक्या त्या जागी चिकटतात. ही पकड बहुतेक वेळा पातळ असते. डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मं-निम्मं करून ५०-६० मिली प्लगच्या भोकातून आत सोडा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी चाक डोलवून बघा. परत थांबा. चार दिवस लागतील, दहाही लागतील. किकवर उभं राहून उड्या मारू नका, गाडी जीपला बांधून ओढू नका. सुटायच्या आधी रिंग तुटते, किंवा गिअरबॉक्समधला किकचा दात जातो, आणि जो भाग चांगला होता तोच तुम्ही खर्चाला लावता.

या थांबण्याच्या दिवसांत खालचे ड्रेन प्लग उघडून ऑईल काढून घ्या, पांढऱ्या ताटलीत. ही ताटली नीट बघायची आहे. बुलेटचं ऑईल चेंबरमध्येच वेगळ्या कप्प्यात असतं आणि पंप ते फिरवतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑईल पंपातून हळूहळू झिरपून फ्लायव्हीलच्या कप्प्यात उतरतं. त्यामुळे वरून डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून ऑईल संपलं असं समजून आणखी ओतू नका. उतरलेलं ऑईल तसंच ठेवून गाडी चालू केली तर सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि ‘रिंगा गेल्या’ असा चुकीचा निकाल लागतो. ताटलीतल्या गाळात चुंबक फिरवा. चुंबकाला थोडा बारीक लोखंडी चुरा लागणं जुन्या इंजिनात चालतं. पण चुंबकाला न चिकटणारे चंदेरी किंवा पितळी चकचकीत कण भरपूर दिसले, तर पिस्टन किंवा बुश खाल्ला जातोय. असे कण दिसले तर फुल इंजिनची मानसिक तयारी ठेवा.

इंजिन सुटलं, ऑईल स्वच्छ निघालं, तर नवं ऑईल भरून ते न उघडता चालू करून बघायला माझी हरकत नाही. कार्ब्युरेटर साफ, पेट्रोलचा पाइप नवा, पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारे संपर्क) साफ, एवढं करूनच. त्याआधी डीकॉम्प्रेसरची (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्वची) केबल बघा. ती ताणलेली राहिली तर हेडमधला तो छोटा व्हॉल्व किंचित उघडा राहतो, कॉम्प्रेशन लागत नाही आणि बिचाऱ्या रिंगांवर आळ येतो. मी एकदा एका ओळखीच्यांसाठी हेड काढायला बसलो होतो, शेजारी पानेही मांडून झाले होते, आणि केबल दोन आटे सैल करताच किकला दम आला.

तरीही तुमच्या बाबतीत गंजामुळे पिस्टन अडकलेला निघाला, तर सुटल्यावर हेड-ब्लॉक काढून आत बघाच. गंजाच्या रेघेवरून रिंगा फिरत राहिल्या तर त्या लवकर संपतात.

पान्यांबद्दल. स्क्रू पाना आणि पाईप पाना या कामातून बाहेर ठेवा. त्या काळच्या बुलेटवर इंची मापाचे नट-बोल्ट सापडतात आणि आधीच्या मेकॅनिकने काही ठिकाणी मिमीचे घातलेले असतात. मिमीचा पाना थोडा सैल बसतोय असं वाटलं की थांबा आणि इंची रिंग पाना आणा. एका नटाचे कोपरे गेले की अर्धा दिवस जातो. बाकी फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या), व्हॉल्व काढायचा सी-क्लॅम्प, टॉर्क पाना आणि अंड्यांचे दोन-तीन ट्रे. प्रत्येक खळग्यात एका जागेचे नट-बोल्ट, शेजारी पेनने नाव.

हेड काढताना पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व बंद, म्हणजे पुशरॉड (व्हॉल्व उघडायला खालून ढकलणाऱ्या दांड्या) सैल, अशा स्थितीत या. रॉकरचे ब्लॉक आणि त्यांच्या टोप्या जोडीने छिद्र केलेल्या असतात, एकाची टोपी दुसऱ्याला लावू नका. दोन पुशरॉडांची लांबी वेगळी असते, चिकटपट्टी लावून नाव लिहा. ब्लॉक उचलायच्या आधी टॅपेटचं (पुशरॉडखालच्या दट्ट्यांचं) झाकण उघडा, तिथेही ब्लॉकला धरणारे नट लपलेले असतात. ते न काढता ब्लॉकवर हातोडी मारून बीड फोडलेली माणसं मी पाहिली आहेत. ब्लॉक वर आला की पहिलं काम चेंबरच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबायची, मगच पिस्टनची लॉक (पिस्टनची पिन जागेवर धरणारी छोटी तारेची कडी) काढायची. लॉक उडून आत गेली की हाफ इंजिनचं फुल इंजिन होतं.

आता ब्लॉक टेबलावर आहे. बोअर गेज नसेल तरी झीज काढता येते, आणि ही युक्ती मला फार प्रिय आहे. एक रिंग घ्या, ब्लॉकमध्ये अगदी तळाशी सरकवा, जिथे रिंगा कधी घासत नाहीत. पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने रिंग ढकला म्हणजे ती आडवी-तिरपी न राहता सरळ बसते. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. समजा ०.४० मिमी आली. मग तीच रिंग वरच्या टोकापासून थोडी खाली, जिथे बोटाला कडा लागते त्या कडेच्या लगेच खाली आणा. तिथे सगळ्यांत जास्त झीज असते. आता फट ०.८५ आली म्हणू. फरक ०.४५. त्याला ३.१४ ने भागा, साधारण ०.१४. म्हणजे तिथे बोअर तळापेक्षा ०.१४ मिमी मोठा झालाय. घेर जितका वाढतो तितकी फट उघडते, इतकंच गणित आहे. ब्लॉकच्या तीन-चार उंचीवर हे करून कागदावर लिहा.

माझा हिशेब असा: फरक ०.०५ च्या आत आणि भिंतीवर नखाला लागणारा खड्डा नाही, तर होनिंग करून (भिंत दगडाने हलकी घासून) नव्या रिंगा. ०.१५ च्या आसपास किंवा गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर बोअर. मधल्या आकड्यांना गाडी किती वापरणार त्यावर ठरवतो. महिन्यातून दोन रविवार फिरवायची असेल तर ०.१० वर मी नव्या रिंगा घालून गाडी चालवली आहे. थोडं ऑईल खाते, पण बिडाचा ब्लॉक एका साइझने वाचतो. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मिमी मोठे) पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे मिळतात आणि प्रत्येक बोअरनंतर त्या ब्लॉकचं आयुष्य एक पायरी उतरतं. पिस्टनच्या माथ्यावर आधीचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. १.०० आधीच झालं असेल तर ब्लॉकला स्लीव्ह (आतून नवी नळी) घालायचा विचार करावा लागेल.

बोरिंगला देताना पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत द्या. पुण्यात नाना पेठेत, कोल्हापुरात, दिल्लीच्या करोल बागेत जुन्या बुलेटचं सामान मिळतं. कारागिराला निक्षून सांगा की पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलीच फट ठेवा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन फुगतो, ब्लॉक तेवढा फुगत नाही. नव्या छोट्या गाड्यांच्या सवयीने घट्ट बोअर केला तर हातात तो फार सुंदर वाटतो आणि रस्त्यावर धरतो. माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं. बोअर करून आणलेला ब्लॉक मी न मोजता बसवला. रत्नागिरीहून परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज आधी कोरडा झाला, मग मागचं चाक एकदम लॉक झालं. गाडी आडवी होता होता राहिली. थंड झाल्यावर ती परत चालूही झाली, पण पिस्टनच्या दोन्ही अंगांवर उभे ओरखडे पडले होते. तेव्हापासून बोरिंगहून आलेला ब्लॉक मी तिथेच, कारागिराच्या समोर मोजून घेतो. त्यात कुणाचा अपमान नाही, चांगला कारागीर उलट खूश होतो.

ब्लॉक बाहेर असतानाच फुल इंजिनचा निकाल लागतो. क्रँक फिरवून रॉड अगदी वर आणा. दोन्ही हातांनी रॉड धरून सरळ वर ओढा, सरळ खाली दाबा. डोळे मिटून करा, हाताला जास्त कळतं. उजवी-डावीकडे थोडा डोलतो, ते चालतं. पण वर-खाली ‘टक’ असा अगदी बारीकही धक्का लागला तर मोठ्या टोकाचा बुश गेलाय आणि चेंबर फोडावंच लागेल. काहीच धक्का नसेल, क्रँक हाताने फिरवताना बेअरिंगचा खरखराट नसेल, तर खालच्या इंजिनाला हात लावू नका. ‘खोललंच आहे तर तेही करून टाकू’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. माझ्या अनुभवात चांगला चाललेला जुना क्रँक उगाच सोडवून आधीपेक्षा बरा झालेला फारसा पाहिला नाही.

इथवरचा क्रम एकदा सांगतो: काय अडकलंय ते शोधा, भिजवा, ऑईल बघा, मग हेड-ब्लॉक, मग रिंगेच्या फटीचे आकडे, मग रॉडची परीक्षा. फुल इंजिनचा निर्णय या सगळ्याच्या शेवटी येतो.

व्हॉल्व घरी लॅप करता येतात, म्हणजे सीटवर (हेडमधल्या बसण्याच्या कडेवर) घासून घट्ट बसवता येतात. पेस्ट लावून, काठीच्या टोकाच्या रबराने दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत राहायचं, सीटवर सगळीकडे एकसारखी राखाडी पट्टी उमटेपर्यंत. मग व्हॉल्व बसवून पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओता. दहा मिनिटांत खाली ओल आली नाही तर काम झालं. व्हॉल्व गाईडमध्ये (त्याची दांडी सरकते त्या नळीत) डोलत असेल तर मात्र लॅपिंगचा उपयोग नाही, गाईड आधी.

जोडताना सगळी पॅकिंग नवी, पिस्टनच्या लॉक नव्या. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. हेडचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत घट्ट करा आणि पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासा. टॅपेट इंजिन थंड असताना लावायचे: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ अजिबात नको. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंगसाठी (ठिणगीची वेळ लावायला) पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी आणा आणि पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून हलकी ओढत राहा. पट्टी सुटली त्या क्षणी पॉइंट उघडायला लागले. टायमिंग कव्हर काढलं असेल, तर त्यात क्रँकच्या टोकाला ऑईल पोचवणारं छोटं सील असतं, ते न विसरता नवं घाला. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे आणि ती गळली तर मोठ्या टोकाला ऑईल पोचत नाही.

पहिल्यांदा चालू झाल्यावर आवाज ऐकत आनंदात उभे राहू नका. रॉकरकडे जाणाऱ्या ऑईल पाइपचा बोल्ट किंचित सैल करा. तिथे ऑईल पाझरलं पाहिजे. एक-दोन मिनिटांत नाही आलं तर लगेच बंद. बोअर केला असेल तर पहिले ५०० किमी ४०-५० च्या वेगात, सतत एकाच वेगाने न चालवता, आणि डबलसीट घाट नको. पहिलं ऑईल शंभरेक किमीला बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि पाणी धरलं जातं. त्यामुळे आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्या.

रंग, क्रोम, सीट हे सगळं इंजिन चालल्यानंतर. वडिलांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेली टाकी आहे, ती रंगवायचा निर्णय घाईत घेऊ नका.

खर्चाचा आकडा मी आज देत नाही, कारण रिंगा पुरतील की बोअर-पिस्टन लागेल हेच अजून माहीत नाही. या शनिवारी फक्त प्लग काढा, क्लच दाबून किक बघा, डिझेल-ऑईल सोडा आणि खालचं ऑईल पांढऱ्या ताटलीत काढा. ताटलीत काय दिसलं आणि किती दिवसांनी चाक हललं, ते कळवा. ब्लॉक निघाला की रिंगेच्या फटीचे आकडे पाठवा, वरचा, मधला, तळाचा आणि पिस्टनच्या माथ्यावरचा. त्यावरून बोअर करायचा की नाही ते आपण ठरवू.